शेजेवरची कमळजा

गोविंद बल्लाळ देवल यांनी 1890 साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले आणि निरपराध कमळजेचा संशयापायी जीव घेणारा नवरा मराठी प्रेक्षकांपुढे उभा केला. रंगमंचावर मरण दाखवू नये, शेवट गोड करावा, हा संस्कृत नाटकाचा संकेत. कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे'ने 1861 मध्येच तो मोडला होता. पण पेशव्यांचे मरण इतिहासाने आधीच सांगितलेले होते. मरणाचे वावडे तसे आपल्याला नव्हतेच. तुळजापूर ज्यांना जवळ, त्यांना महिषासुराचा वध गोंधळात ऐकताना कुणी धक्का बसतो म्हणणार नाही. राक्षस मेला की संबळ आणखी जोरात वाजते. धक्का बसतो तो ज्याचा काही अपराध नाही त्याच्या मरणाने, आणि त्यातही मारणारा आपल्याला आवडलेला असेल तर.

शेक्सपिअरच्या लंडनकरांना रक्ताचे काय अप्रूप, असे कुणी विचारील. टायबर्नला फाशी बघायला गर्दी लोटे, नाट्यगृहांच्या शेजारी अस्वलांवर कुत्री सोडली जात. 'बॅटल ऑफ अल्काझार'च्या उपलब्ध प्रयोग-टाचणात रक्ताच्या तीन कुप्या आणि मेंढराचे काळीज-फुप्फुस यांची नोंद आहे. म्हणजे किळस हाही करमणुकीचाच माल. तरीही 1610 मध्ये ऑक्सफर्डला 'ऑथेल्लो' पाहिलेल्या हेन्री जॅक्सनने पत्रात लिहून ठेवले ते शेजेवर निपचित पडलेल्या डेस्डिमोनाबद्दल, म्हणजे मूळच्या कमळजेबद्दल: नुसत्या चेहऱ्याने तिने प्रेक्षकांना कळवळायला लावले. ती भूमिका मुलगा करत होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिथे रक्ताचा थेंब नाही, गळा दाबलेला. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशींसमोर बाळाभाऊ जोग नायिका होत, तेव्हाही बाई खोटी आहे हे कुणापासून लपलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोक शोकांतिकेला नव्हे, गणपतरावांना बघायला येत. खरे आहे. पण म्हणूनच तर घाव खोल जाई. ज्याच्या आवाजाला टाळ्या दिल्या, त्याच्याच हातून खून होतो. टाळी देणारा आपसूक त्यात सामील होतो. 1599 मध्ये थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने लंडनला 'ज्युलियस सीझर' पाहिले, तेव्हा शेवटी नटांनी नाच केला. आपल्याकडेही मुख्य नाटकानंतर फार्स होई. यामुळे दुःख उथळ ठरते, असे मला वाटत नाही. हसायला मिळणार ही खात्री असली की माणूस रडायला तिकीट काढतो. 1919 च्या 'एकच प्याला' या शोकांतिकेत तर पदेही होती. भरजरी शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व तिथे सिंधू म्हणून ठिगळांच्या लुगड्यात आले, आणि त्या आधीच्या शालूंमुळेच ती ठिगळे प्रेक्षकांना सोसवेनात.