आगीनंतरचा उन्हाळा

मराठीत ‘बंब’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो. न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचा बंब, आणि घंटा वाजवत धावणारा आगीचा बंब. आमच्या वाड्यातली एक मुलगी पहिल्या बंबाने भाजली होती. नुकतंच काढलेलं कढत पाणी घंगाळात होतं, ती त्यात घसरून पडली. तेव्हा ती चार वर्षांची होती. मान, डावा खांदा आणि कोपरापर्यंतचा हात, एवढ्यावर कातडीच्या चुण्या राहिल्या. वैशाखातही ती लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा फ्रॉक घालायची. वर्गात सगळ्यांत बुटकी, तरी शाळेच्या फोटोत तिला शेवटच्या रांगेत उभं केलेलं होतं. फोटोत तिचे फक्त डोळे आणि कपाळ दिसतं. मुलांनी चिडवलेलं तिला जेवढं लागलं असेल, त्याहून ती रांग जास्त लागली असेल, असं मला आज वाटतं.

दुसऱ्या बंबाशी, म्हणजे बंबवाल्यांशी, तिची कधी गाठच पडली नाही. अमेरिका आणि कॅनडात मात्र भाजलेली मुलं आणि आग विझवणारे जवान उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहतात, आणि हे गेली चाळीसएक वर्षं चाललं आहे. हा त्या उन्हाळ्यांचा मागोवा.

अशी शिबिरं त्याआधी का निघाली नाहीत, याचं उत्तर कठोर आहे. शिबिराला यायला इतकी मुलं जगतच नव्हती. १९४०च्या दशकात निम्मं अंग भाजलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी दगावत. जळालेली कातडी आपोआप सुटून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहायची आणि तोवर जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रार्थना करायची, असाच तो उपचार होता. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावी झोरा यान्झेकोविच नावाच्या सर्जन बाईंनी ही वाट पाहणं सोडून दिलं. पहिल्या काही दिवसांतच मेलेली कातडी पातळ थरांत खरवडून काढायची आणि लगेच रुग्णाच्याच अंगावरची चांगली कातडी तिथे लावायची, ही त्यांची पद्धत १९७०मध्ये जगासमोर आली. त्याच सुमाराला अमेरिकेत श्रायनर्स या संस्थेने भाजलेल्या मुलांसाठी गॅल्व्हेस्टन, सिनसिनाटी आणि बोस्टनला स्वतंत्र रुग्णालयं उघडली होती. १९८१मध्ये बोस्टनचे डॉ. जॉन बर्क आणि प्राध्यापक यानिस यानास यांनी कृत्रिम त्वचेचा प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी ज्यांच्यासाठी डॉक्टर मान हलवत, ती मुलं आता घरी जाऊ लागली.

घरी गेल्यावर पुढे काय, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. भाजलेली कातडी मुलाबरोबर वाढत नाही. हाड लांबतं आणि व्रण आखडून बसतो, म्हणून वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. व्रण जाड होऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे, दिवसाचे तेवीस तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त. लावलेल्या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे उन्हात अंग तापतं आणि निवत नाही. वर खाज. वेदनेबद्दल सगळे विचारतात, खाजेबद्दल कोणी विचारत नाही, आणि रात्री मुलांना जागं ठेवते ती खाजच. अशा मुलांना नेहमीच्या उन्हाळी शिबिरात कोण घेणार? आणि घेतलं, तरी पोहण्याच्या तलावाशी गेल्यावर काय?

सुरुवात अनेक हातांनी केली. कॅलिफोर्नियात अलिसा अ‍ॅन रुच नावाची आठ वर्षांची मुलगी घरामागच्या अंगणात बार्बेक्यूच्या भडक्यात भाजली आणि गेली. तिच्या नावाने १९७१मध्ये एक प्रतिष्ठान उभं राहिलं. त्यामागे अग्निशमन दलातले जवान होते. आधी आग टाळण्याचं शिक्षण, मग रुग्णालयांना मदत, आणि ऐंशीच्या दशकात फ्रेस्नोजवळच्या सँगरला ‘चॅम्प कॅम्प’. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या बालरुग्णालयाने १९८३मध्ये एस्टेस पार्कच्या डोंगरात असंच शिबिर सुरू केलं. या चळवळीतलं ते सगळ्यांत जुन्यांपैकी एक. तिथे भाजलेली मुलं घोड्यावर बसली, डोंगर चढली. पट्ट्या बांधलेल्या हातांनी दोर धरून कातळ चढणारं पोर पाहून डॉक्टरांच्या काळजाचं काय झालं असेल, याची कल्पना मला करता येते. व्यायामाच्या खोलीत जो हात वर करायला ते पोर रडायचं, तोच हात तिथे पुढच्या खाचेसाठी आपणहून वर जात होता.

मग राज्याराज्यांत शिबिरं निघाली. इलिनॉयमध्ये १९९१पासून भरणाऱ्या शिबिराचं नाव आहे ‘आय अ‍ॅम मी’. मी म्हणजे मीच! इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या शिबिराचं ऐकलेलं नाही. जॉर्जियातलं शिबिर तिथल्या जवानांच्या बर्न फाउंडेशनचं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या जवानांनी १९७८मध्ये निधी उभारला होता, पुढे त्यातून तिथलं शिबिर निघालं. अमेरिका आणि कॅनडातल्या जवानांची जी मोठी संघटना आहे, ती वॉशिंग्टनला वेगळं आंतरराष्ट्रीय शिबिर भरवते. बहुतेक ठिकाणी मुलाकडून एक पैसाही घेत नाहीत.

हा पैसा जमवण्याची रीत मला फार आवडते. जवान आपला मोठा रबरी बूट हातात घेऊन चौकात उभा राहतो आणि सिग्नलला थांबलेली माणसं त्यात नाणी-नोटा टाकतात. जॉर्जियात फायर स्टेशनवर शीतपेयांचे रिकामे अ‍ॅल्युमिनियमचे डबे गोळा करून विकत. भंगाराच्या त्या पैशातून मुलांच्या मदतीचा निधी वाढला. कुणा एका धनिकाची देणगी घेऊन काम झालं असतं, पण गावाला त्यातलं काहीच कळलं नसतं. बूट पुढे आला की गाडीतलं माणूस विचारतं, कशासाठी? मग त्याला सांगावं लागतं.

शिबिराचा पहिला दिवस कित्येक ठिकाणी मिरवणुकीचा असतो. मुलांच्या बसपुढे बंब, मागे बंब, भोंगे वाजताहेत, दिवे फिरताहेत. आता या मुलांच्या बाजूने विचार करा. त्यातल्या काहींनी हाच भोंगा आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट रात्री ऐकलेला असतो. धुरात शिरणाऱ्या जवानाच्या तोंडावर श्वसनयंत्राचा मुखवटा असतो, त्याचा आवाज घोगरा येतो, आणि लहान मुलं त्याला भिऊन पलंगाखाली लपतात हे जवानांना माहीत आहे. शाळांमधून ते म्हणूनच मुखवटा चढवून-काढून दाखवत फिरतात. शिबिरात तोच माणूस अर्ध्या चड्डीत असतो, पाण्याच्या फुग्यांच्या लढाईत हरतो, आणि रात्री खोलीत कोण घोरतं यावरून पोरं त्याची टर उडवतात.

दिवस कसा आखायचा, हे शिबिरं हळूहळू शिकली. मैदानी खेळ सकाळी, दुपार सावलीत, पाणी सतत. जळीत विभागातल्या परिचारिका आणि व्यायामोपचार करणारी माणसं बरोबर राहतात, झोपण्याआधी मलम चोळतात, हाताच्या पट्ट्या बसवतात. ज्या शिबिरांत रात्री शेकोटी असते, तिथे तिच्याजवळ यायची सक्ती कोणावर नसते. एखादं मूल लांब बसतं, शेजारी जवान बसतो. दुसऱ्या रात्री दोघं थोडे पुढे सरकतात. आगीजवळ कसं बसायचं हे शिकवायला आग ओळखणाऱ्या माणसाहून चांगला शिक्षक कुठून आणणार?

तलावाचा प्रसंग शिबिरं चालवणाऱ्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा येतो, की तो प्रत्येक उन्हाळ्यात घडत असणार. नवीन मूल टी-शर्ट घालून पाण्यात उतरतं. आजूबाजूला बघतं. कुणाच्या पाठीवर जाळीदार खुणा, कारण लावलेली कातडी जास्त जागा झाकावी म्हणून तिला छिद्रं पाडून ताणतात. कुणाला बोटं नाहीत, कुणाचा कान नाही. दोन-तीन दिवसांनी टी-शर्ट काठावर पडलेला असतो. त्यावर कोणी काही बोलत नाही, टाळ्याही वाजवत नाही. ‘तुला काय झालं?’ हा प्रश्न बाहेर या मुलांना रोज येतो आणि दर वेळी तो त्यांना एकटं पाडतो. इथे तो ‘तुझं कशाने?’ असा येतो. गरम सूप, पेट्रोल, विजेची तार, चार जुलैचे फटाके. सांगून झालं की चेंडू पुढे.

जवानांना यातून काय मिळतं, हे मला सुरुवातीला नीट कळलं नव्हतं. ते रजा टाकून येतात, वर्षानुवर्षं येतात. केवळ परोपकार म्हणून इतकी वर्षं कोणी टिकत नाही. त्यांचं काम रुग्णालयाच्या दारात संपतं. मूल स्ट्रेचरवर दिलं, दार बंद झालं, जवान परत केंद्रावर, पाइप धुवायला. मूल जगलं का, चालतं का, हे बहुतेकदा कळत नाही. मुलाच्या घरची आग ही सगळ्यांत जड वर्दी असते, असं जवान सांगतात, आणि तिचा शेवट त्यांच्याकडे अर्धाच राहतो. शिबिरात तो उरलेला अर्धा त्यांना भेटतो. आपण बाहेर काढलेलंच मूल असेल असं नाही, पण तसंच कुणीतरी आणलेलं मूल समोर सायकल चालवत असतं. माझ्या मते शिबिरांचं खरं बळ इथे आहे. मुलांना जेवढी जवानांची गरज आहे, तेवढीच जवानांना मुलांची आहे, आणि मुलांना ते समजतं. ज्याची फक्त कीव केली जाते, त्याला आपली कोणाला गरज आहे ही भावना किती मोठी वाटत असेल!

संशोधकांनी या शिबिरांची मोजदाद करून पाहिली. आत्मविश्वासाच्या प्रश्नावल्या आधी आणि नंतर भरून घेतल्या. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत फारसा दिसला नाही, काहींत दिसला पण टिकला नाही. हे लपवायचं कारण नाही. एका आठवड्याने उरलेली एक्कावन्न आठवड्यांची शाळा बदलत नाही. मला मात्र एक गोष्ट प्रश्नावलीपेक्षा बोलकी वाटते. मुलं परत येतात. वय उलटून गेल्यावर मदतनीस होऊन येतात, काही स्वतः अग्निशमन दलात जातात.

जवानांच्या संस्थांनी आगीआधीचं कामही सोडलं नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना पेट घेण्याविषयीचे नियम लागले, घरोघर धुराचे गजर बसले. वॉशिंग्टन राज्याने १९८३मध्ये कायदा करून पाणी तापवण्याच्या यंत्रांचं तापमान सुमारे ४९ अंशांवर ठरवून दिलं. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं, एकोणपन्नास अंशांच्या पाण्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात मूल बाहेर काढता येतं. हे वाचताना मला आमच्या वाड्यातलं घंगाळ आठवलं. आधी गार पाणी ओतायचं आणि मग त्यात कढत घालायचं, एवढाच नियम घरात पाळला असता तर पुरलं असतं.

२०२०च्या उन्हाळ्यात करोनामुळे बहुतेक शिबिरं भरली नाहीत. पडद्यावर गाणी आणि खेळ झाले. पुढे मैदानं पुन्हा उघडली.

भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत मुलं खूप. महाराष्ट्रात जाणते सर्जन आहेत, ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, शीवच्या रुग्णालयात २०००पासून त्वचापेढी आहे. आणि आपल्याकडे असे बंबवाले आहेत, ज्यांच्या मागे १४ एप्रिल १९४४चा वारसा आहे. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. प्रात्यक्षिकं होतात, शिडी वर जाते, पाण्याचे फवारे उडतात, शाळांच्या सहली येतात.

माझी विनंती अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना आणि जळीत विभागांच्या डॉक्टरांना आहे. डोंगर, घोडे, आठवडाभराचा मुक्काम हे सगळं नंतर बघू. या सप्ताहातली एक संध्याकाळ तुमच्या गावातल्या भाजलेल्या मुलांसाठी ठेवा. उन्हं उतरल्यावर बोलवा, पाणी आणि सावली असू द्या, त्यांना बंबावर चढू द्या, घंटा वाजवू द्या, पाइप हातात द्या. जाताना सगळ्यांचा एक फोटो काढा, आणि त्या फोटोत या मुलांना पहिल्या रांगेत बसवा.