खाली सही, वर नाव

सही घेण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. गावात नट येवो, कवी येवो की मंत्री येवो, भाषण संपायच्या आतच वह्या पुढे सरसावतात. वही नसेल तर निमंत्रणपत्रिका, तीही नसेल तर दहाची नोट, आणि तेवढेही हाताशी नसले तर शर्टाची बाही! माझ्या घरी जुनी पुस्तके, दिवाळी अंक, टपाल तिकिटे आणि पत्रे यांचा पसारा आहे, हे यवतमाळात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली की त्यातले काहीतरी काखेत मारून मंडळी माझ्याकडे येतात. वस्तू टेबलावर ठेवतात आणि पहिले वाक्य ठरलेले, "भाऊ, याच्यावर सही आहे बरं का!"

सही आहे म्हणजे भाव आला, ही खात्री त्या सुरात असते. ती निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यापायी चांगल्या चांगल्या वस्तूंची माती झालेली मी पाहिली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सहीने किंमत येते याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण आपल्या सर्वांच्या खिशात असते. नोटेवर गव्हर्नरांची सही नसेल तर तो नुसता रंगीत कागद. बरे, सही कुणाची यावरही भाव ठरतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली रिझर्व्ह बँकेने त्यांचे चित्र असलेल्या नोटा काढल्या. काहींवर एल. के. झा यांची सही आहे, काहींवर बी. एन. आडारकर यांची. आडारकर १९७०च्या मे-जूनमध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. नोट तीच, कागद तोच, गांधीजी तेच. पण आडारकरांच्या सहीची नोट दिसली की संग्राहकाचे डोळे चमकतात. मात्र त्याच नोटेवर एखाद्या उत्साही गृहस्थाने एखाद्या नटाची सही घेतली असेल तर नोटांचा संग्राहक ती हातसुद्धा लावायचा नाही. त्याला करकरीत, घडी न पडलेली नोट हवी असते, आणि त्याच्या लेखी सही काय, शाईचा डाग काय, दोन्ही सारखेच.

टपाल तिकिटांचे तर विचारूच नका. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, गांधीजींची चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडात छापलेली ही तिकिटे आजही संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहेत. दहा रुपयांच्या कोऱ्या तिकिटावर मागच्या डिंकासकट जो भाव मिळतो, तो त्यावर पेनाची एक रेघ ओढताच गडगडतो. रेघ एखाद्या थोर पुरुषाने ओढली तरी! हां, त्याच तिकिटाच्या पहिल्या दिवसाच्या पाकिटावर, तिकिटाला धक्का न लावता बाजूच्या मोकळ्या जागेत संबंधित माणसाची सही असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे पहिला प्रश्न असा, की ती वस्तू लोक कशासाठी जपतात? कोरेपणासाठी जपत असतील तर सही हे वैगुण्य. माणसाच्या आठवणीसाठी जपत असतील तर सही हे भूषण.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. एक चिरंजीव 'दीपावली'चा जुना अंक घेऊन आले. मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांचे चित्र आणि कोपऱ्यात 'दलाल' ही सही. स्वारी भलतीच खुशीत! त्यांना समजावून सांगावे लागले, की बाबा रे, ही सही चित्राबरोबर छापलेली आहे आणि त्या वर्षीच्या प्रत्येक अंकावर ती आहे. अंकाला मोल आहे ते चित्राचे. दुसऱ्या एका गृहस्थांनी लोकमान्यांची सही म्हणून एक चिठ्ठी आणली होती, बॉलपेनाने केलेली. टिळक गेले १९२० साली आणि बॉलपेन बाजारात आले ते १९४० नंतर. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावले.

आता गांधीजींच्या सहीचे पाहा. शेजारच्या वर्ध्यात त्यांचा मुक्काम, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांतून त्यांची सही आजही अधूनमधून निघते. गांधीजी सही फुकट देत नसत. हरिजन निधीसाठी पाच रुपये मोजावे लागत. जगात बहुतेक सह्यांची किंमत मागाहून ठरते, यांनी ती आधीच ठरवून टाकली! पण या सह्या पारखणे सोपे नाही. उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत. १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिताना त्यांनी असेच हात बदलले होते. त्यामुळे दोन खऱ्या सह्यासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि खोटी करणाऱ्याला तेवढीच सवलत मिळते. उलट क्रिकेटपटू ब्रॅडमन यांनी जन्मभर टपालाने आलेल्या कागदांवर इतक्या सह्या करून दिल्या की त्यांच्या साध्या सहीचे कुणाला अप्रूप उरले नाही. माणूस मोठा म्हणून सही महाग, असा हिशेब नसतो तो असा.

पण मला खरोखर सांगायचे आहे ते एका पुस्तकाबद्दल.

१९७३ साली यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झाले आणि त्याची छप्पन्न गीते घराघरांत पोचली. त्याचा कवी आपल्या गावात येतोय म्हटल्यावर जिल्ह्यातले शिक्षक, पोस्टमास्तर, वकील लोटले नसते तरच नवल. दारव्ह्याकडचे एक शाळामास्तर असेच आले होते, काखेत 'गीतरामायणा'ची एक प्रत घेऊन. प्रत पहिल्या आवृत्तीची नव्हे, मागाहूनच्या छपाईची आणि अगदी साधी. माडगूळकरांनी तिच्या पहिल्या पानावर मास्तरांचे नाव लिहिले, त्याच ओळीत यवतमाळ आणि तारीख घातली, आणि खाली सही केली.

मास्तर वारले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सूनबाई ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीला नागपुरात प्रवेश मिळाला होता आणि फीला पैसे कमी पडत होते. त्या वर्षी कापसाने हात दिला नव्हता. "काका, मामंजींनी हे फडक्यात बांधून ठेवलं होतं. विकायचं मनात नाही, पण पोरीचं वर्ष जाईल," एवढेच त्या बोलल्या.

मी त्यांना ओळखीच्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने पान उलटले, सही भिंगाखाली धरली, मान डोलावली आणि मग कपाळाला आठी घातली. "सही असली आहे जी. पण हे वरचं नाव काहून लिवलं? नुसती सही असती तं पैसे चांगले आले असते." त्याने दोन आकडे सांगितले. पुस्तक आहे तसे दिले तर एक, आणि वरची ओळ पात्याने कापून खालची सही तेवढी चौकटीत बसवता आली, तर त्याच्या दुप्पट.

मला राग आला, पण त्याचे म्हणणे बाजारी दृष्टीने चूक नव्हते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात टांगायला कवीची सही हवी असते. दारव्ह्याच्या कुणा मास्तरांचे नाव त्याला कशाला? त्याच्या लेखी ती अडगळ. मी व्यापाऱ्याला म्हटले, "अहो, ही ओळ कापलीत तर यवतमाळ गेले, तारीख गेली. मग ही सही कुठली, केव्हाची, खरी कशावरून, हे उद्या कोण सांगणार? तुम्ही पुरावाच कापायला निघालात." तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, पुरावा तुमच्यासारख्याले लागते. गिऱ्हाइकाले नाही लागत."

वाचकहो, हा कापाकापीचा रोग जुना आहे. विलायतेत गेल्या शतकाच्याही आधी लोकांनी वह्यांत चिकटवण्यासाठी थोरांच्या पत्रांवरच्या सह्या कापून घेतल्या आणि पत्रे केराच्या टोपलीत टाकली. आपल्या जिल्ह्यात तरी वेगळे काय घडले? लोकनायक बापूजी अणे मूळ वणीचे, वकिली केली यवतमाळात, आणि जुलै १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला तो त्यांनीच. पुढे १९४८ पासून ते बिहारचे राज्यपाल होते. एका घरी मला मोठ्या अभिमानाने त्यांची सही दाखवण्यात आली: वहीत डकवलेली, बोटभर लांबीची चिंधी. मागे दोन तुटके शब्द दिसत होते. पत्राचे काय झाले, म्हणून विचारले तर उत्तर आले, "ते कुठं ठेवायचं?" पत्र सत्याग्रहाच्या दिवसांतले असते तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ते एव्हाना पुरावस्तू ठरू शकले असते. ऐतिहासिक मोलाच्या कागदाला पंच्याहत्तर वर्षे झाली की तो परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. चिंधीला कुठला कायदा लावायचा?

सही नसतानाही वस्तूला भाव येतो, तो अशाच पुराव्यापायी. २०२० साली इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत कुणीतरी साध्या पाकिटात गांधीजींचा चष्मा टाकून गेले. चष्म्यावर सही कुठून असणार? पण तो कुणाला, कुठे मिळाला आणि त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कसा राहिला, ही हकीकत जुळली आणि तो दोन लाख साठ हजार पौंडांना गेला.

सूनबाईंनी काय केले? त्या पुस्तकाकडे बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मामंजींचं नाव कापून मिळालेल्या पैशांनी त्यांच्या नातीची फी भरायची, हे बरं दिसत नाही." पहिल्या पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि पुस्तक आहे तसे, कमी आकड्याला देऊन टाकले. उरलेली रक्कम कुठूनतरी उभी केली. पुस्तक आता व्यापाऱ्याच्या मालकीचे होते. पाते त्याच्या टेबलावरच होते. ते पान पुढे तसेच राहिले की नाही, हे मी त्याला अजून विचारलेले नाही. दुकानावरून जाणेयेणे रोजचे आहे.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी हल्ली एवढेच सांगतो, की सही घ्यायचीच असेल तर मुखपृष्ठावर किंवा चित्रावर घेऊ नका, आतल्या कोऱ्या पानावर घ्या. शाई चांगली वापरा, जागा आणि तारीख घाला, आणि आपले नाव लिहून घ्यायला लाजू नका. भाव थोडा उतरेल, उतरू द्या.

जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावे संमेलन पुन्हा यवतमाळात भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला, आणि अखेर उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. कर्जापायी आत्महत्या केलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची ही पत्नी. मांडवात नेहमीप्रमाणे साहित्यिकांभोवती वह्यांची गर्दी होती. आणखी पन्नास वर्षांनी त्या संमेलनाचा एखादा कागद कुणी संग्राहक शोधत येईल, तेव्हा त्याला कुणाची सही हवी असेल? माझा अंदाज वैशालीताईंच्या सहीचा आहे. ती कुणी घेऊन ठेवली असेल, तर तिच्यावरचे नाव आणि तारीख कापू नका.