रानकोंबड्याची पहाट

मार्च-एप्रिलच्या दिवसांत रत्नागिरीतल्या संगमेश्वर किंवा चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत पहाटे जाग आली, तर दोन बांगा ऐकू येतात. एक खुराड्यातल्या गावठी कोंबड्याची, लांब ओढलेली. दुसरी वरच्या रानातून येते. तोकडी, तुटक, ‘कुक्-काया-काया-कुक्’ अशी. तिला पलीकडच्या डोंगरकुशीतून लगेच जबाब जातो. हा राखी रानकोंबडा.

भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो रानात कुठेही आढळत नाही. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं, गॅलस सोनेराटी. नराच्या मानेवरच्या काळपट पिसांच्या टोकांना पिवळट, मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. हा साज विणीच्या हंगामापुरता. पावसाळ्यात तो गळतो. याच पिसांपायी या पक्ष्याची बेसुमार हत्या झाली, कारण विलायतेत सामन मासा पकडायच्या गळावर बांधण्यासाठी त्यांना मोठी मागणी होती. आणि ओटीवर दाणे टिपणाऱ्या कोंबडीचे पाय पिवळे असतील, तर तेही याचंच देणं. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, हे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं.

अमेरिकेत याच ऋतूत, याच प्रहराला लाखो माणसं रानटर्कीच्या मागावर निघतात. टर्की आपल्या रानकोंबड्याच्याच कुळातली. नर झाडावर रात्र काढतो, फटफटताच घशातून गडगडाट करतो आणि माद्यांनी आपल्याकडे यावं म्हणून वाट बघतो. शिकारी झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो, लाकडी पेटीवर तिचं झाकण घासून मादीचा आवाज काढतो आणि नरालाच आपल्याकडे यायला लावू बघतो. कित्येकदा नर जबाब देत राहतो, पण जागचा हलत नाही. तो पिसारा फुलवून बंदुकीच्या टप्प्यात आला, तर सकाळ सफल झाली म्हणायची.

त्या सकाळीमागे मोठा हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेबंद शिकारीमुळे टर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. 1951 पासून तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवून रानातले थवे धरायचे आणि पुन्हा वाढलेल्या जंगलांत सोडायचे, असं काम चाललं. आज तिथे साठेक लाख टर्की आहेत. वसंतातल्या शिकारीत मुख्यतः नरच मारायची मुभा असते, कारण अंडी उबवण्याचं काम एकट्या मादीचं.

रानकोंबडा धरायची आपल्याकडची जुनी रीतही त्याच्या आवाजावरच बेतलेली. पाळीव कोंबडा रानात बांधायचा, भोवती फासे मांडायचे. आपल्या हद्दीत दुसरा कोण आरवतो म्हणून रानकोंबडा तावातावाने चालून येतो आणि अडकतो. टर्कीला मादीची ओढ खेचते, याला प्रतिस्पर्ध्याचा राग. पक्ष्याचा स्वभाव इतका बारकाईने जाणणाऱ्या माणसांचं ज्ञान आज रानाच्या राखणीला लागायला हवं.

कारण ती रीत आता गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बंदूक झाडणं तेवढीच शिकार धरलेली नाही. फासा लावणं, जाळं टाकणं, घरट्यातल्या अंड्यांची नासधूस करणंही शिकारीतच मोडतं. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. अमेरिकेचा दाखला देऊन ‘आपल्याकडेही हंगाम खुला करा’ म्हणणाऱ्यांनी तिथली मोजदाद, कर आणि पहारा आधी बघावा. त्यातलं काहीही उभं नसताना नुसती बंदूक उचलणं म्हणजे रान लुटणं.

रत्नागिरीत मात्र बंदुकीहून मोठा घात वणवा करतो. मादी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला पाचोळ्यात उथळ खळगा करून चार-सहा अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. विणीचा भर फेब्रुवारी ते मे, म्हणजे गवत वाळून कोळ झालेलं असतं तेव्हाच. बांधावरची आग, फेकलेलं विडीचं थोटूक, चांगलं गवत यावं म्हणून मुद्दाम लावलेली काडी, एवढ्यानेही डोंगर पेटतो. आंबा-काजूच्या बागा जळाल्या की त्याची बातमी होते, पंचनामा होतो. अंड्यांचा पंचनामा कोण करणार? जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं आहे, त्यामुळे जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढायची जबाबदारीही मालकांवर आणि गावावरच येते. जानेवारीत, गवत पुरतं वाळायच्या आत ती काढली, तर बाग आणि घरटं दोन्ही वाचतात.

हा पक्षी बघायचा तर उजाडण्याआधी रानाच्या कडेला, पायवाटेपासून थोडं हटून बसावं. कुत्रा बरोबर नको, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत नर उगाच लढायला धावतो. आधी आरवणं, मग पाचोळा उकरल्याची खसखस, मग करवंदीच्या जाळीतून डोकावणारा लाल तुरा. मादी तपकिरी, पोटाखाली पांढऱ्या-काळ्या खवल्यांची, पटकन नजरेत न येणारी. दर वर्षी त्याच ठिकाणी, त्याच वेळी बसून किती दिशांनी बांग आली एवढं वहीत टिपलं, तरी गावाला आपल्या रानकोंबड्यांचा अंदाज येतो. पक्षी-अभ्यासकांची आवाजावरून मोजण्याची पद्धतही हीच आहे आणि शाळेतली मुलंसुद्धा ती सहज करू शकतात.