द्रावणातले आकडे : लेखांक ६ : ड्रमच्या तळाचा साका

गेल्या आठवड्यात मोल मोजायला शिकलो. आता तेच गणित महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात नेऊ. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ भलतंच नाजूक. ते टणक राहावं, कोवळ्या पानांचे शेंडे करपू नयेत म्हणून ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतात. जांभ्या मातीतला चुना इथला पाऊस कधीच धुऊन नेतो, तेव्हा कॅल्शियम बाहेरून द्यावंच लागतं.

समजा, 1000 लिटर पाण्यात 1 किलो खत विरघळवलं. म्हणजे लिटरला 1 ग्रॅम. त्यात कॅल्शियमचे आयन किती?

पाठ्यपुस्तकातल्या स्फटिकात एक कॅल्शियम, दोन नायट्रेट आणि पाण्याचे चार रेणू असतात, मोलभार 236. भागाकार केला की लिटरला 4.24 मिलिमोल कॅल्शियम आणि त्याच्या दुप्पट नायट्रेट. उत्तर सुबक आहे, पण ते या खताच्या पोत्याचं नव्हे. पोत्यावर नत्र 15.5 टक्के छापलेलं असतं आणि आपल्या स्फटिकात ते 236 पैकी 28, म्हणजे जेमतेम 12 टक्के भरतं. मग उरलेलं नत्र आलं कुठून?

बाजारातलं हे दाणेदार खत दुहेरी क्षार आहे. त्याच्या एका एककात पाच कॅल्शियम नायट्रेट, एक अमोनियम नायट्रेट आणि पाण्याचे दहा रेणू. मोलभार 1081. नत्राचे अणू बारा, त्यांचं वजन 168. 168 भागिले 1081, बरोबर 15.5 टक्के. पोतं आणि सूत्र जुळलं.

आता लिटरला 0.925 मिलिमोल क्षार. त्यातून पाचपट कॅल्शियम, 4.625, अकरापट नायट्रेट, 10.175, आणि अमोनियम 0.925. ताळा करू. कॅल्शियमवर दोन धनभार, म्हणून 9.25, त्यात अमोनियमचे 0.925 मिळवले की 10.175. नायट्रेटचा ऋणभार नेमका तेवढाच. हा ताळा परीक्षेच्या पेपरात क्वचितच दिसतो. खरं तर त्याला वेगळे गुण ठेवायला हवेत.

आता त्याच पाण्यात लिटरला 1 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटही टाका. पाण्याचे सात रेणू धरून त्याच्या स्फटिकाचा मोलभार 246.5, म्हणून सल्फेट 4.06 मिलिमोल. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होऊ शकतं; पण ते कधी खाली बसायचं, हे दोन्ही तीव्रतांच्या गुणाकारावर ठरतं. मिलिमोलमध्ये मोजलं तर ही मर्यादा साधारण 25 ते 30. आपला गुणाकार 18.8. पाणी नितळ राहतं.

पण मळ्यात कोणी 1000 लिटर कालवत बसत नाही. 200 लिटरच्या ड्रममध्ये दोन्ही खतं वीस-वीस किलो ओतली, तर द्रावण शंभरपट घट्ट होतं आणि गुणाकार थेट दहा हजारपट, जवळजवळ 1 लाख 88 हजार. पांढरा साका धरतो, ड्रममधलं द्रावण ठिबकच्या पाण्यात ओढणाऱ्या व्हेंच्युरीतून तो पुढे गेला की ड्रिपर तुंबतात, आणि पैसे मोजून आणलेलं कॅल्शियम झाडापर्यंत पोचतच नाही.

म्हणून ड्रम दोन ठेवतात. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात सल्फेटची खतं. 12:61:00 हे फॉस्फेटचं खतही दुसऱ्याच ड्रममध्ये जातं, कारण कॅल्शियमचे फॉस्फेट जिप्समपेक्षाही कमी विरघळतात.