विश्लेषण : अंगणात तयार लॉन अंथरताय? आधी खालची काळी माती पाहा

२३ सप्टेंबर २०२२ची रात्र नागपूरच्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना सात वाजता सुरू व्हायचा होता. प्रेक्षक आले, दिवे लागले, पण आधीच्या पावसाने ओले झालेले मैदान वाळेना. अखेर साडेनऊला खेळ सुरू झाला आणि सामना आठ-आठ षटकांचा झाला. गवत हिरवेगार होते. अडचण त्याच्याखाली होती.

ज्या मैदानावर कव्हर, रोलर आणि कर्मचाऱ्यांचा ताफा असतो, तिथे हे होते. मग बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडवरच्या नव्या घराच्या अंगणात काय होत असेल? वास्तुशांतीच्या आधी ट्रकभर तयार गवत येते, दुपारपर्यंत अंगण हिरवे होते, फोटो निघतात. (नागपुरात ‘लॉन’ म्हटले की आधी लग्नाचे कार्यालयच आठवते, हा भाग वेगळा.) पहिल्या पावसाळ्यात पाणी साचते आणि पुढच्या मेमध्ये पट्टे कडेने वळू लागतात. दोष गवताला दिला जातो.

काळी माती नेमके काय करते?

नागपूर परिसरातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. कापसाला ही माती मानवते; वर अंथरलेल्या गवताच्या पातळ थराला तिची ही हालचाल सोसत नाही. जमीन फाटली की गवताचा जोडही फाटतो.

त्यात तयार गवत बहुतेकदा लाल मातीच्या थरासह येते. हा थर काळ्या मातीवर नुसता ठेवला, की दोन मातींमध्ये जणू सीमारेषा तयार होते. पावसाळ्यात काळी माती भरली की पाणी वरच्या लाल थरात तुंबते. मुळे खाली न उतरता इंचभर जाडीतच फिरत राहतात. उन्हाळ्यात तो इंचभर थर एका दिवसात वाळतो. अंगणातल्या बहुतेक लॉनचे मरण इथेच ठरलेले असते, आणि हे गवत येण्याआधीचे काम आहे.

बांधकामानंतर अंगणात विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे, मुरूम पडलेला असतो. कंत्राटदार त्यावरच माती पसरायला निघाला, तर त्याला थांबवा. मलबा काढा, सहा इंच खोल खणा, चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेणखत तणाचे बी आणि हुमणी घेऊन येते. ‘दोन घमेली वाळू टाका, माती मोकळी होईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. थोड्या वाळूने काळ्या मातीत काही फरक पडत नाही. वरून लाल माती, जाड वाळू आणि खत यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यायचा असेल, तर तो फावड्याने खालच्या मातीत थोडा मिसळून घ्या, म्हणजे सीमारेषा राहत नाही. उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, दहा फुटांना दीड-दोन इंच.

कोणते गवत घ्यावे?

नागपूरच्या उन्हात भरवशाचे गवत हरळी. शेतकरी जी खणून खणून बांधावर फेकतो आणि आपण गणपतीला वाहतो, तीच ही दूर्वा. ‘बर्म्युडा’ या नावाने जगभर मैदानांवर दिसते तीही हीच. तिचे खोड जमिनीखाली जिवंत राहते. वर वाळून पिवळी पडली तरी पहिल्या पावसात फुटते. तिची अट एकच : दिवसातून किमान सहा तास ऊन.

‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून मिळणारे बारीक, गादीसारखे गवत दिसायला सुंदर. ते हळू वाढते, कापणी कमी लागते. पण एकदा भोक पडले की भरायलाही तेवढाच वेळ घेते. मुले, कुत्रा, दुचाकी यांची ये-जा असलेल्या अंगणात ते घेऊ नये.

आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या बोळात कोणतेही लॉन नीट होत नाही. सावलीसाठी रुंद पानांचे गवत मिळते, पण दाट सावलीत त्याचाही आग्रह धरू नये. तिथे फरशी आणि चार कुंड्या बऱ्या.

ट्रक आल्यावर काय पाहावे?

एक तुकडा दोन कोपऱ्यांना धरून उचला. तो गळून पडला, तर मुळे धरलेली नाहीत. मातीची बाजू पाहा : मुळे पांढरी हवीत, थर सारखा हवा. मग ढिगाच्या मधोमध हात घाला. रचलेले गवत आतून तापते. हाताला गरम लागले, आतली पाने पिवळी असली किंवा कुबट वास आला, तर माल परत पाठवा. उतरवून घेतल्यावर तक्रारीला अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते : लव्हाळा. त्रिकोणी दांडा आणि मातीत काळ्या गाठी दिसल्या, तर ते गवत स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. त्या गाठी एकदा अंगणात शिरल्या, की वर्षानुवर्षे खुरपत बसावे लागते.

कधी आणि कसे अंथरावे?

खणणे मेमध्ये करून ठेवावे. नवतपाच्या उन्हात माती तापली की बरेच तण मरते. गवत मात्र पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, उघडीप मिळून वाफसा आला की लावावे. चिखलात पाय दिले, तर माती दगडासारखी बसते. दिवाळीनंतर लावलेली हरळी थंडीत झोपी जाते आणि मुळे धरण्याआधीच उन्हाळा येतो.

माल आला त्याच दिवशी अंथरून संपवा. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवा, कडा एकमेकींना भिडवा, वर फळी ठेवून दाबा आणि लगेच पाणी द्या. पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तेव्हा ओल टिकवा. कोपरा ओढून पाहा. तो उचलला गेला नाही, की मुळे खाली उतरली. पहिली कापणी त्यानंतरच, आणि एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त नको.

मेमध्ये पाणी किती लागेल?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. कडक उन्हात रोज सहा मिलिमीटर धरले, तरी पावणेतीनशे लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी १३५ लिटरचा. म्हणजे दोन माणसांचे दिवसाचे पाणी अंगणात गेले. लॉन किती मोठे करायचे, हे प्लॉट पाहून नव्हे, तर मेमधल्या टाकीकडे पाहून ठरवावे. दीडशे चौरस फूट पुष्कळांना पुरते.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पहाटे, खोल जाईल असे द्यावे. पाते थोडे उंच ठेवावे, म्हणजे माती झाकलेली राहते. टंचाई आलीच, तर हरळी पिवळी पडू द्यावी. आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत ओल पोहोचली तरी खोड तग धरते. ती मेली असे समजून जूनमध्ये उपटू नका. पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन आठवडे थांबा.