परक्या विद्यापीठांत घरची ओळख

पूर्वीच्या काळीं पुण्याहून काशीस निघालेला शहाणा प्रवासी सगळी रोकड कमरेला बांधून जात नसे. तो आपल्या गांवच्या सराफाकडून हुंडी घेई आणि काशीच्या पेठेंतील पेढी ती हुंडी पाहून त्याला पैसे मोजून देई. काशीचा सराफ त्या प्रवाशाला ओळखत नसे. पण पुण्याच्या पेढीला ओळखत असे, आणि तेवढ्यावर व्यवहार पुरा होई. विश्वासाची हीच रीत आज जगांतील विद्यापीठांच्या एका अगदीं नव्या व्यवहारांत पाहावयास मिळते. त्या व्यवहाराचें नांव 'एडुरोम'. शिक्षण आणि भ्रमण या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीनें हें नांव बनलें आहे.

विद्यापीठाच्या आवारांत इंटरनेट ही आतां दिव्याइतकीच नित्याची गरज झाली आहे. ग्रंथसूची, संशोधनाचीं नियतकालिकें, प्रयोगांचीं टिपणें, परीक्षेचे अर्ज, सारें त्याच वाटेनें येतें आणि जातें. परंतु ही वाट येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही मोकळी ठेवतां येत नाहीं. आवारांतील हजारों यंत्रें तिनें एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि कोणी तिचा दुरुपयोग केल्यास जाब विद्यापीठाला द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला व अध्यापकाला एक नांव आणि एक परवलीचा शब्द दिलेला असतो. घरच्या माणसांची सोय याप्रमाणें होते. अडचण येते ती पाहुण्यांची. पाहुणा आला कीं त्यानें कचेरींत जावें, अर्ज भरावा आणि चार दिवसांपुरता नवा परवलीचा शब्द घेऊन यावें, अशी रीत बहुतेक ठिकाणीं होती.

ही अडचण दूर करण्याची कल्पना नेदरलँड्समधील क्लास व्हिरेंगा यांनीं २००२ सालीं मांडली. ते त्या देशांतील उच्च शिक्षणसंस्थांचें जाळें चालविणाऱ्या 'सर्फनेट' या संस्थेंत काम करीत. पाहुण्याची पारख यजमानानें करूं नये, ती पाहुण्याच्या घरच्या विद्यापीठानें करावी आणि यजमानानें त्याचा शब्द मानावा, हें तिचें सार. नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया, ब्रिटन इत्यादि देशांतील संस्था प्रथम या योजनेंत आल्या. आज शंभरांहून अधिक देशांत ती चालते. भारतांत तिची व्यवस्था 'एर्नेट' या संस्थेकडे आहे. हें शैक्षणिक जाळें १९८६ सालीं आठ संस्थांना घेऊन सुरू झालें, आणि त्या आठांत मुंबईच्या दोन होत्या : पवईची आय.आय.टी. आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र.

ही पारख प्रत्यक्ष कशी होते, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पवईची एक संशोधक विद्यार्थिनी एका परिषदेसाठीं उट्रेख्ट विद्यापीठांत गेली. तिनें सभागृहांत बसून लॅपटॉप उघडला. छताजवळ लावलेलें वाय-फायचें बिनतारी ठाणें आपलें नांव एकसारखें ध्वनिक्षेपित करीत असतें. नभोवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते. वाय-फायच्या नेहमींच्या लहरी अवघ्या बारा किंवा सहा सेंटिमीटरांच्या आसपास असतात. त्या भिंतींनीं लवकर क्षीण होतात, म्हणून मोठ्या इमारतींत अशीं ठाणीं जागोजाग बसवावीं लागतात. उट्रेख्टच्या ठाण्याचें नांव 'एडुरोम', आणि पवईच्या ठाण्याचेंही नांव तेंच. त्यामुळें लॅपटॉपला तें ओळखीचें वाटतें आणि तो आपण होऊन बोलणें सुरू करतो.

ठाणें त्याला लगेच आंत घेत नाहीं. ओळख पटेपर्यंत इंटरनेटचें दार बंद असतें. ओळखीपुरतें बोलणें तेवढें चालूं शकतें. लॅपटॉप प्रथम आपला पत्ता सांगतो. त्या पत्त्याच्या उत्तरार्धांत घरच्या संस्थेचें नांव असतें. उट्रेख्टचा सर्व्हर तेवढेंच वाचतो आणि ही विद्यार्थिनी आपली नव्हे, असें समजून विचारणा नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे पाठवितो. तेथून ती आंतरराष्ट्रीय सर्व्हरकडे, तेथून भारतांतील एर्नेटच्या सर्व्हरकडे आणि शेवटीं पवईस पोंचते. टपाल जसें गांवाच्या नांवावरून टप्प्याटप्प्यानें पुढें जातें, तसाच हा प्रकार. मात्र सारी ये-जा बहुधा एकदोन सेकंदांत आटोपते.

यांतील खरी खुबी पुढेंच आहे. विद्यार्थिनीचा परवलीचा शब्द वाटेंत कोणालाही दिसतां कामा नये, आणि यजमानालाही नाहीं. यासाठीं पवईचा सर्व्हर प्रथम आपलें प्रमाणपत्र लॅपटॉपकडे पाठवितो. तें खरें असल्याची खात्री झाली, म्हणजे दोघे आपसांत एक गुप्त लिपि ठरवितात आणि परवलीचा शब्द त्या लिपींतच रवाना होतो. मधले सर्व्हर हा मोहोरबंद लखोटा हातोहात पुढें देतात. तो उघडण्याचें साधन त्यांच्यापाशीं नसतें. पवईहून होकार आला कीं उट्रेख्टचें दार उघडतें. त्याच होकाराबरोबर ठाण्याला एक किल्लीही मिळते, आणि पुढें लॅपटॉप व ठाणें यांमधील हवेंतलें सारें संभाषण त्या किल्लीच्या आधारें कुलुपबंद राहतें.

पाहुण्यानें गैरवर्तन केल्यास त्याला शोधावयाचें कसें, हा प्रश्न येथें सहजच उद्भवतो. कोणतें यंत्र कोणत्या वेळीं कोणत्या ठाण्याशीं जोडलें होतें, याची नोंद यजमानापाशीं असते; त्या वेळीं कोणाची ओळख पटली, याची नोंद घरच्या संस्थेपाशीं. तक्रार आल्यास दोन्ही अर्धे जोडून माणूस सांपडतो. एरवीं पाहुण्याचें खरें नांवही यजमानाला कळण्याची आवश्यकता नसते.

इतक्या काळजीनें रचलेल्या या व्यवस्थेंत एक जागा मात्र नाजूक आहे, आणि ती सर्व्हरमध्यें नसून विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रांत आहे. ठाण्याला 'एडुरोम' हें नांव कोणीही देऊं शकतो. एखादा लबाड मनुष्य आवाराबाहेरील उपाहारगृहांत लहानसें यंत्र घेऊन बसला, आणि त्यानें हेंच नांव ध्वनिक्षेपित केलें, तर जवळपासचे लॅपटॉप व फोन त्यालाही हांक देतील. तो पवईच्या सर्व्हरचें सोंग आणील आणि स्वतःचें प्रमाणपत्र पुढें करील. यंत्रानें तें पारखलें तर बोलणें तेथेंच थांबेल. परंतु घाईच्या वेळीं पारख करण्याची सूचना कोणी बंद करून ठेवलेली असेल, तर परवलीचा शब्द, किंवा तो हुडकून काढण्यापुरती सामग्री, सरळ त्या चोराच्या हातीं पडेल. कित्येक विद्यापीठांत हाच शब्द टपालपेटी, गुणपत्रिका आणि फीचा हिशेब यांनाही चालतो. म्हणजे एका दाराच्या किल्लीबरोबर सारें घरच गेलें म्हणावयाचें.

उपाय मात्र सोपा आहे. प्रवासास निघण्यापूर्वीं घरच्या संस्थेनें दिलेल्या साधनानेंच लॅपटॉप व फोन यांची मांडणी करून घ्यावी, म्हणजे खरें प्रमाणपत्र कोणतें हें यंत्राच्या स्मरणांत राहतें. वाटेंत अनोळखी प्रमाणपत्राविषयीं सूचना दिसल्यास ती मान्य करूं नये. ब्राउझरमध्यें पान उघडून कोणी एडुरोमचा परवलीचा शब्द विचारूं लागला, तर तो खोटा समजावा. ही व्यवस्था तशा पानावर तो कधींच विचारीत नाहीं. आणि जोडणी होत नसेल, तर पहिली विचारणा यजमानाकडे न करतां घरीं करावी, कारण पारख करणारा तेथें आहे.

हुंडीच्या काळींही केवळ पेढीचें नांव ऐकून कोणी पैसे मोजले नाहींत. सराफ आधीं सही न्याहाळी, आणि मगच थैलीचें तोंड उघडी. शेंकडों विद्यापीठांनीं एकमेकांवर टाकलेल्या विश्वासामुळें आज पवईच्या विद्यार्थिनीस उट्रेख्टमध्यें घरच्यासारखें बसतां येतें. सही न्याहाळण्याचें तेवढें काम तिच्या यंत्राकडे राहिलें आहे, आणि त्या यंत्राला तें करूं देणें तिच्या हातीं आहे.