विद्यार्थी वसतिगृहाचा आराखडा : खोली, खिडकी आणि सहवास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास वसतिगृहांना वगळून सांगता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग स्थापन करून निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणली. कोण कोणासोबत राहील आणि जेवेल, हाच तेथील मूळ प्रश्न होता. आज महाविद्यालयांच्या बांधकाम समित्यांत चर्चा होते ती बहुधा खाटांच्या संख्येची आणि प्रति चौरस फूट दराची. प्रस्तुत लेखात दोन गाजलेल्या आराखड्यांच्या आधारे वसतिगृहाच्या रचनेचा विचार केला आहे.

खिडकीविना खोली

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील परिसरात सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांसाठी अकरा मजली वसतिगृह योजण्यात आले होते. गुंतवणूकदार चार्ल्स मंगर यांनी २० कोटी डॉलरची देणगी देऊ केली. अट एकच, आराखडा त्यांच्या कल्पनेप्रमाणेच असावा. मंगर हे प्रशिक्षित वास्तुविशारद नव्हते. या आराखड्यातील सुमारे ९४ टक्के शयनकक्षांना खिडकीच नव्हती. तिच्या जागी कृत्रिम प्रकाशाचा चौकोन बसवायचा होता. विद्यापीठाच्या आराखडा परीक्षण समितीतील वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कारणावरून राजीनामा दिला आणि प्रकरण जगभर गाजले. २०२३ मध्ये विद्यापीठाने हा आराखडा सोडून दिला.

मंगर यांचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळावी, ती लहान असावी, म्हणजे विद्यार्थी बाहेरच्या सामाईक दालनात येऊन बसतील, असे त्यांचे म्हणणे होते. एका खोलीत तिघांना राहावे लागणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र खोलीचे मोल वेगळे सांगायला नको.

मार्गिकेऐवजी चहाची खोली

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची वसतिगृहे रचताना लुई कान यांनीही हाच हेतू धरला होता, परंतु मार्ग उलटा निवडला. १९६२ मध्ये त्यांच्याकडे हे काम आले. त्यांनी दहा-दहा खोल्या जिना व चहाची खोली असलेल्या दालनाभोवती मांडल्या आणि लांब मार्गिका टाळली. वर्गातील चर्चा येता-जाता तेथे पुढे चालू राहावी, ही कल्पना होती. इमारतींची दिशा वाऱ्यानुसार ठरवली आणि खोल ओसऱ्यांनी ऊन अडवले. मंगर यांनी विद्यार्थ्याला बाहेर काढण्यासाठी खोली अपुरी केली. कान यांनी बाहेरची जागाच बसावेसे वाटेल अशी केली.

कान यांच्या इमारतीही निर्दोष ठरल्या नाहीत. विटांची झीज, गळती, २००१ च्या भूकंपाने झालेली हानी यांमुळे संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा मानस जाहीर केला. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा पुढे आला. देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडील प्रश्न

मधोमध मार्गिका आणि दोन्ही बाजूंना खोल्या, ही आपल्याकडील रूढ रचना. तिच्यात जागा वाचते, परंतु वारा एकाच बाजूच्या खोल्यांना मिळतो. समोरच्या खोलीत तो पोहोचायचा तर दार उघडे ठेवावे लागते, आणि रात्री दार उघडे ठेवून कोणी झोपत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडक्या व झरोक्यांचे क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश, तर उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे लागते. मुलींच्या वसतिगृहांत हे प्रमाण कागदावर पाळले जाते आणि मग सुरक्षिततेच्या नावाखाली खिडक्यांना बाहेरून पत्रे ठोकले जातात. प्रस्तुत लेखिकेने रेक्टर म्हणून काम करताना अशा खोल्यांत पावसाळाभर ओले कपडे पंख्याखाली दोरीवर टांगलेले पाहिले आहेत. कपडे वाळवण्याची जागा कोणत्याही नकाशात नव्हती.

आमच्या समितीपुढील नव्या तीन मजली आराखड्यात प्रत्येक मजल्यावर जिन्यालगतच्या दोन खोल्या वगळून तेथे बसण्याचे दालन करावे, अशी सूचना मी मांडली. दोन खोल्या म्हणजे सहा खाटा, तीन मजल्यांवर अठरा. अठरा मुलींना प्रवेश नाकारायचा का, असे प्राचार्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. खेड्यातून येणाऱ्या मुलीचे शिक्षण अनेकदा त्या एका खाटेवरच अवलंबून असते. अखेर एकाच मजल्यावर, भोजनगृहाला जोडून असे दालन करण्याचे ठरले. दारांवरील झरोके आणि गच्चीवर कपड्यांसाठीचे छप्पर मात्र विनाचर्चा मंजूर झाले.